तुम्ही विचारलंत म्हणून: प्रिंटर कुठला घेऊ?

गोव्यातल्या म्हापशात माझ्याकडे दुरुस्तीला येणारे, देवळात भेटणारे, लग्नात शेजारी जेवायला बसणारे, सगळे हेच विचारतात. त्यांना कंपनीचं नाव हवं असतं. मी मात्र आधी विचारतो, महिन्याला किती पानं काढणार आणि तो ठेवणार कुठे?

शिवोलीच्या एका भजनी मंडळाने रंगीत इंक टँक, म्हणजे टाकीत शाई भरायचा प्रिंटर घेतला. चवथीला आणि सप्ताहाला अभंगांची पानं काढायची, बाकी महिने तो कापडाखाली झाकलेला. दुसऱ्या वर्षी शाई ती कागदावर सोडणाऱ्या हेडच्या बारीक छिद्रांत वाळून बसली होती. हेड साफ करण्यातच अर्धी टाकी संपली, तरी पानावर पांढऱ्या रेघा राहिल्याच. त्यांना काळा-पांढरा लेझर हवा होता. टोनर म्हणजे कोरडी भुकटी, ती सहा महिने पडून राहिली तरी वाळायचा प्रश्न नाही. घरी शिकवणी घेणाऱ्या बाई मात्र रोज आकृत्यांची पानं काढतात. त्यांच्यासाठी इंक टँकच बरा, पानामागे खर्च फार कमी येतो. आठवड्यातून एक रंगीत पान काढलं तर हेड ओलं राहतं.

लेझरवाल्यांना पावसाळ्यात त्रास होतो तो कागदाचा. जुलैत ट्रेमध्ये उघडा राहिलेला कागद दमट होतो, वाकतो, अडकतो, आणि लोक प्रिंटर घेऊन माझ्याकडे येतात. लागतील तेवढीच पानं ट्रेमध्ये ठेवा. उरलेली घट्ट झाकणाच्या डब्यात.

आणखी एक. लेझर यूपीएसला, म्हणजे वीज गेल्यावर थोडा वेळ बॅटरीवर चालवणाऱ्या डब्याला, लावू नका. टोनर कागदावर पक्का करणारा फ्यूजर तापताना शेकडो वॅट ओढतो. घरी असतो तो ६०० व्हीए क्षमतेचा यूपीएस साधारण ३६० वॅटच देतो. तो ओरडतो आणि बंद पडतो, सोबत कॉम्प्युटरही. प्रिंटर थेट भिंतीच्या प्लगवर ठेवा, यूपीएसवर फक्त कॉम्प्युटर, मॉनिटर आणि राउटर. यूपीएसची बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते, तो खर्च आधीच धरा.

कीबोर्डबद्दल फारसं कुणी विचारत नाही, याचं मला वाईट वाटतं. दिवसभर हात त्यावरच असतात. मराठीत नियमित लिहायचं असेल तर इनस्क्रिप्ट ही कळांची मांडणी शिका. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं, आणि तीच मांडणी देवनागरी कोकणीलाही चालते. कळांवर अक्षरं छापलेला कीबोर्ड मिळाला तर छान, नाहीतर स्टिकर लावून महिनाभरात बोटांना सवय होते. किनाऱ्याजवळ राहत असाल तर वायरचा कीबोर्ड खिडकीखाली ठेवू नका, खारा वारा यूएसबीची टोकं काळी पाडतो. वायरलेस माऊस बरेच दिवस वापरणार नसाल तर सेल काढून ठेवा. फुटलेल्या सेलमुळे बाद झालेले माऊस मी नेहमी पाहतो.

मॉनिटर २४ इंची, फुल एचडी. घरासाठी पुरे.

पण पहिला खर्च या कशावरच नको. सर्ज प्रोटेक्टर विजेचा जादा दाब अर्थिंगकडे, म्हणजे जमिनीत उतरणाऱ्या तारेकडे वळवतो, आणि अर्थिंगच नसेल तर त्याचं बरंचसं काम होतच नाही. आपल्या कित्येक जुन्या घरांत तीन पिनांचा बोर्ड दिसतो, मागे तिसरी तार जोडलेलीच नसते. जिथे असते तिथेही उन्हाळ्यात जांभ्याची जमीन कोरडी पडली की अर्थिंग नीट काम करत नाही. मेच्या शेवटी पहिला गडगडाट होतो आणि दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर जळलेले राउटर आणि अडॅप्टर येतात. वीज कडाडायला लागली की प्लग काढा, राउटरकडून कॉम्प्युटरला आलेली केबलही काढा. आणि पाऊस यायच्या आधी वायरमन बोलावून अर्थिंग मोजून घ्या, उन्हाळाभर अर्थिंगची तार पुरलेल्या खड्ड्यात पाणी घालत राहा. प्रिंटर कुठला, ते त्यानंतर ठरवू.