काट्यावरचा किलो

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. नोव्हेंबर सरत आला की चहाच्या टपरीवर कुणी ना कुणी मला हटकतंच : "भाऊ, तुमचा नाताळ तर पंचवीसला. मग महिनाभर आधीपासून हे कांबळं वाटणं, घरोघरी फिरणं कायले?" एखादा हळूच पुढे जोडतो, "मनात काही दुसरं तं नाही ना?"

मनात आहे, पण तुम्हाला वाटतं ते नाही.

30 नोव्हेंबरच्या आसपासच्या रविवारी आमचा आगमनकाळ सुरू होतो. नाताळाआधीचे चार रविवार, दर रविवारी चर्चमध्ये एक मेणबत्ती वाढते. येशूच्या येण्याची वाट पाहायची आणि तोवर आपलं घर नीट करायचं. या दिवसांत बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा पाठ येतो. लोक त्याला विचारतात, आम्ही काय करावं? तो म्हणतो, दोन अंगरखे असतील तर एक द्या. आमची कांबळं तिथून आली.

पण बायबलातल्या लूकच्या शुभवर्तमानात, तिसऱ्या अध्यायात, तो तिथंच थांबत नाही. जकातदार विचारतात, तर म्हणतो, ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नका. शिपायांना म्हणतो, कुणाला नाडू नका. या ओळी मी कित्येक वर्षं कानाआड केल्या. मी काही जकातदार नाही, असं वाटायचं.

आमचं शेत दर्यापूरकडचं, खारपाणपट्ट्यातलं. विहिरीचं पाणी पिकाला चालत नाही, सगळी भिस्त पावसावर आणि कापसावर. आगमनकाळ येतो तो ऐन वेचणीत. संध्याकाळी कडुलिंबाच्या फांदीला ताणकाटा टांगायचा, बाया एकेक गाठोडं अडकवणार, मी आकडा वाचून वहीत लिहिणार. एकतीस भरलं की तीस लिहायचे. तो एक किलो दवाचा. सकाळचा कापूस ओला असतो, वजन जास्त भरतं, म्हणून कापायचा. माझे वडील कापत, मीही कापायचो. दुपारी बारानंतर वेचलेल्या कापसात कसलं दव, हे कुणी विचारलं नाही. विचारणार कोण, दुसऱ्या दिवशी वेचायला यायचं असतं.

गंमत म्हणजे हाच मी सरकारी खरेदी केंद्रावर ओलाव्यावरून भांडत असे. 8 टक्क्यांच्या वर ओलावा निघाला की भाव कापतात, 12 च्या वर कापूस घेतच नाहीत. यंत्र कापसात खुपसलं की पोटात गोळा. घरी येऊन तावातावानं सांगायचो, शेतकऱ्याला लुटतात म्हणून.

एका वर्षी तिसऱ्या रविवारी चर्चमधून कांबळं घेऊन मी वेचणाऱ्या बायांच्या घरी गेलो. एक म्हातारी, आमच्याकडे वीसेक वर्षं वेचतेय. सोबतच्या पोरानं फोटोसाठी मोबाइल काढला. म्हातारीनं कांबळाला हातही लावला नाही. म्हणाली, "मले कांबळ नाही पायजे भाऊ. काट्यावर कापता तो किलो तेवढा द्या."

पोरानं मोबाइल खिशात घातला. मी काहीतरी पुटपुटलो आणि कांबळ तसंच परत आणलं. बायकोनं विचारलं तर सांगितलं, घरी नव्हती.

त्या रात्री हिशेब केला. किलोमागे दहा रुपये मजुरी, एका गाठोड्याचा एक किलो, आठ बाया, वेचणीचे किती दिवस. मी कांबळं वाटत होतो ती त्यांच्याच पैशाची निघाली. वर उरत होतं ते वेगळंच.

दुसऱ्या दिवशी आकडा होता तसा लिहिला. बाया एकमेकींकडे बघू लागल्या, काही बोलल्या नाहीत. शेजारचा शेतकरी मात्र बोलला : तुम्ही रीत बिघडवता. आजही बोलतो. सकाळी दव फार असलं तर आता आम्ही उन्हं वर आल्यावर वेचणी लावतो. काम थोडं लांबतं.

शनिवारी मजुरी वाटली. म्हातारीनं नोटा दोनदा मोजल्या, पदराच्या गाठीला बांधल्या, चार पावलं गेली आणि वळली.

"आता असंन तं द्या ते कांबळ. थंडी लय हाये."