मिस्टर बीन आणि काकांचा फवारणीचा पंप

गणपतीला दहाच दिवस राहिले आणि रंगारी काय फोन उचलेना, तेव्हा आमच्या काकांनी कलमांवर फवारणी करायचा पंप धुवून घेतला, त्यात डिस्टेंपर पातळ करून ओतला आणि म्हणाले, "अर्ध्या तासात माजघर रंगवतंय बघ." झालं पण अर्ध्या तासातच. भिंती रंगल्या, वाशे रंगले, काकीची शिलाई मशीन रंगली. कॅलेंडर काढायचं राहिलेलं, ते उचललं तर मागे जुना पिवळा चौकोन जसाच्या तसा.

मला तिथेच मिस्टर बीन करणाऱ्या रोवन अ‍ॅटकिन्सनचा तो एपिसोड आठवला. बीन खोलीतली एकेक वस्तू पेपरात गुंडाळतो, द्राक्षंसुद्धा सुटी सुटी, मग रंगाच्या डब्यात मोठा फटाका लावून बाहेर पळतो, आणि नेमका त्याच वेळी एक पाहुणा विसरलेली टोपी घ्यायला आत शिरतो. नंतर भिंतीवर त्या माणसाच्या आकाराची कोरी जागा!

लोक म्हणतात, तोंडं वाकडी करतो म्हणून चालला. मला नाही पटत. हा माणूस न्यूकॅसलला इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग शिकलाय, मग ऑक्सफर्डला मास्टर्स, तिथेच लेखक रिचर्ड कर्टिस भेटला आणि पुढे दोघांनी मिळून केवढं तरी लिहिलं. ट्रकचं लायसन्सपण आहे त्याच्याकडे. मी स्वतः इलेक्ट्रिकल डिप्लोमावाला, त्यामुळे मला दिसतं की बीनचं डोकं फॉल्ट शोधणाऱ्या माणसासारखं चालतं, सगळ्या स्टेप बरोबर, फक्त एक राहते. द्राक्षं झाकली, पण दाराला कडी नाही घातली.

लहानपणापासून रोवन अडखळत बोलतो, पण भूमिकेत शिरला की ते बहुतेक जातं. 'ब्लॅकअ‍ॅडर' (१९८३ ते ८९) ही त्याची विनोदी मालिका बघा, तिथे सगळी मजा जिभेची आहे, आपल्याकडे ते फार कोणी बघितलेलं नाही. आणि बीन, जो १ जानेवारी १९९० ला पहिल्यांदा लागला, त्याचे जेमतेम १५ भाग आहेत! मला शंभरेक वाटायचे, केबलवाल्याने तेच तेच इतक्या वेळा दाखवलेत.

रात्री मोबाईलवर काकांना तो सीन दाखवला. काकी हसून हसून खाली बसली. काकांच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही, परत मागे घेऊन बघितलं, आणि विचारलं,

"फटाको खंयचो लावल्यान रे?"