तुम्ही विचारलंत म्हणून: सेंट लुशियाची मुलगी आणि आपली

प्रश्न बहुतेक वेळा असाच येतो. "मॅडम, वेस्ट इंडीजमधल्या सेंट लुशिया बेटाची लोकसंख्या जेमतेम १ लाख ८० हजार. तिथली मुलगी ऑलिंपिकमध्ये शंभर मीटरला सोनं घेते. आपल्या एकट्या सातारा जिल्ह्यात ३० लाख माणसं. मग आपली पोरगी का नाही?" बक्षीस समारंभाचे पाहुणे विचारतात, पालक विचारतात, लग्नात शेजारी जेवायला बसलेले विचारतात. विचारणाऱ्याकडे उत्तरही तयार असतं: त्यांचं रक्तच वेगळं, नाहीतर आपल्याकडे सोयी कुठायत, नाहीतर आपल्या मुली नाजूक. इतकी वर्षं मुलींना पळायला शिकवते आहे, पण या बोलण्यात मला तोंड उघडायला जागाच सापडत नाही. म्हणून एकदा लिहून टाकते.

रक्ताचं आधी. सेंट लुशियाचा संघ १९९६ पासून ऑलिंपिकला जातोय. ३ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसच्या पावसात ज्युलियन आल्फ्रेडनं १०.७२ सेकंदांत शर्यत संपवली, तोपर्यंत त्या देशाच्या नावावर ऑलिंपिकचं एकही पदक नव्हतं, कांस्यसुद्धा नाही. आधीची २८ वर्षं रक्त काय दुसरं होतं?

सोयींचं म्हणाल तर आपल्या लोकांना त्या बेटावरचं एकच मैदान माहीत आहे, डॅरेन सॅमीच्या नावाचं. पॅरिसच्या आधी दीडच महिना रोहित शर्मानं ऑस्ट्रेलियाविरुद्ध तिथं ९२ धावा केल्या होत्या. ते क्रिकेटचं. धावण्याचं स्टेडियम बेटाच्या दुसऱ्या टोकाला, व्ह्यू फोर्टला. २००९ मध्ये तिथल्या सेंट ज्यूड रुग्णालयाला आग लागली आणि सगळं रुग्णालय त्या स्टेडियममध्ये हलवलं. तात्पुरतं म्हणून. पुढे दहा वर्षांहून जास्त काळ तिथं रुग्णांच्या खाटा होत्या. आल्फ्रेड तेव्हा आठ वर्षांची. शाळेच्या गणवेशात, अनवाणी, वाट्टेल तिथं पळायचे, असं तिनंच सांगितलंय. सोनं जिंकल्यावर ती म्हणाली, आता तरी आमच्याकडे नवं स्टेडियम व्हावं. माझ्या मुलींना सिंथेटिक ट्रॅक नाही, पावसाळ्यात मैदानाचा चिखल होतो, स्पाइक्स एकमेकींत वाटून घालाव्या लागतात. हे मी रोज सोसते आणि त्यासाठी भांडतेही. पण तिच्या देशाकडे बोट दाखवून सोयींचं कारण सांगायला माझी जीभ रेटत नाही.

मग ती घडली कशी? मुळात ती सगळी त्या बेटावर घडलेलीच नाही, आणि हे कुणाला ऐकायचं नसतं. २०१३ मध्ये, ती बारा वर्षांची असताना तिचे वडील वारले. तिनं पळणं सोडून दिलं. कथबर्ट मॉडेस्ट नावाच्या प्रशिक्षकांनी तिला परत मैदानावर आणलं. चौदाव्या वर्षी ती शिष्यवृत्तीवर एकटी जमैकाला गेली, सेंट कॅथरिन हायस्कूलमध्ये. मध्ये दीड हजार किलोमीटरपेक्षा जास्त समुद्र. जमैकाची वस्ती साधारण २८ लाख, म्हणजे आपल्या जिल्ह्याहून थोडी कमीच. तुलना करायचीच असेल तर तिथं करा. तिथं शाळकरी मुलांची 'चॅम्प्स' ही मैदानी स्पर्धा १९१० पासून भरते, मुलींची पुढे सुरू झाली, आणि ती बघायला किंग्स्टनचं राष्ट्रीय स्टेडियम गच्च भरतं. तिथून ती अमेरिकेत टेक्सास विद्यापीठात गेली, प्रशिक्षक एड्रिक फ्लोरियाल यांच्या हाताखाली. २०१८ ला युवा ऑलिंपिकचं रौप्य, २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य, २०२३ ला बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत १०० मीटरला पाचवी आणि २०० मीटरला चौथी, मार्च २०२४ मध्ये ग्लासगोला जागतिक इनडोअर स्पर्धेत ६० मीटरचं सोनं, आणि मग पॅरिस. चौदा ते तेवीस, हे वय तिनं घराबाहेर काढलं. विचारणाऱ्यांना त्यातले ते १०.७२ सेकंद तेवढे दिसतात.

आपल्याकडेही हे घडलेलं आहे. १९७६ मध्ये केरळ सरकारनं कन्नूरला मुलींसाठी क्रीडा विभाग काढला, त्यात पय्योलीची पी. टी. उषा गेली. १९८४ ला लॉस एंजेलिसमध्ये तिचं कांस्य सेकंदाच्या शंभराव्या भागानं हुकलं. तीसुद्धा घराच्या अंगणात पळून तिथवर गेली नव्हती. कुणीतरी तिला पाठवलं आणि कुणीतरी ठेवून घेतलं.

म्हणून भाषणाची वेळ आली की मी एकच सांगायचे: मुलीला वेळेवर घराबाहेर पाठवा.

पॅरिसनंतरच्या वर्षी माझ्याकडे आठवी झालेली एक मुलगी होती. नाव लिहीत नाही, ती इथंच असते. पहिल्या तीस मीटरला मागं पडायची, पण साठच्या पुढं बाकीच्या ढिल्या पडत तिथं हिचा वेग टिकून राहायचा. ते शिकवून येत नाही. दुसऱ्या शहरातल्या एका निवासी केंद्रात तिची निवड झाली. राहणं, जेवण, शाळा, सिंथेटिक ट्रॅक, सगळं फुकट. घरचे तयार नव्हते, म्हणून मी त्यांच्याकडे गेले.

वडील उसाच्या ट्रॅक्टरवर चालक. आई दारात उभी होती, काही बोलली नाही. बोलली ती आजी. "बाई, पोरीला अजून पाळी आली न्हाई. तिकडं आली तर ती सांगंल कुणाला?" मी म्हटलं, तिथं बाई वॉर्डन असतात. "त्यांच्याकडं पोरी किती?" मला आकडा माहीत होता, मी सांगितला. आजी यावर काहीच म्हणाली नाही. मग मी आल्फ्रेडची गोष्ट काढली. अगदी मनापासून सांगितली: अनवाणी पळणं, वडील जाणं, चौदाव्या वर्षी परक्या देशात एकटीनं राहणं. वडिलांनी शेवटपर्यंत नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तिला बाप नव्हता मॅडम. हिला मी हाय की."

याला काय उत्तर द्यायचं? मी सोयींची यादी पुन्हा वाचल्यासारखी बोलत राहिले. शेवटी मुलगीच म्हणाली, "मी जाते." जूनमध्ये गेली.

दिवाळीला आली ती परत गेली नाही. भाऊबीज झाल्यावर मी पुन्हा त्याच घरात. मुलगी वाळली होती. टायमिंग जूनला होतं तेवढंच. मी विचारलं, जेवण नाही का बरं? बरं होतं. कुणी त्रास दिला? नाही. बराच वेळ गेल्यावर म्हणाली, "तिथं मला सगळे आडनावानं हाक मारतात." मी म्हटलं, अगं, शिबिरात तसंच असतं. ती म्हणाली, "चांगलं पळाले तरी कुणी काही म्हणत नाही, वाईट पळाले तरी नाही." आणि पाळी आली होती, ऑगस्टमध्ये, चाचणीच्या दिवशी सकाळीच. कुणाला सांगितलं नाही. शेजारच्या खाटेवरच्या मुलीकडून पॅड घेतलं आणि पळाली. आजी तिथंच बसली होती. तिनं मला एका शब्दानं दोष दिला नाही. दिला असता तर मला भांडता तरी आलं असतं. मी केंद्रावर फोन केला. मुली येतात-जातात, जागा भरली, असं उत्तर मिळालं.

यावर पूर्वीची मी आजही माझ्याशी वाद घालते. म्हणते, अजून थोडी थांबली असती तर रुळली असती. ज्यांच्यात ते असतं त्या टिकतात, आल्फ्रेड नाही का टिकली? मी तिला विचारते, एक टिकली म्हणून सांगतेस, पण न टिकलेल्यांची नावं कुणी लिहून ठेवलीत? जमैकात शाळेसाठी पळणाऱ्या पोरीच्या मागं स्टेडियमभर ओरडणारी माणसं असतात. आपल्या शालेय स्पर्धा आडवारी रिकाम्या मैदानावर होतात, बघायला आम्ही शिक्षक आणि पुढच्या हीटची वाट बघणारी पोरं. इथून निवासी केंद्रात मुलगी पाठवायची म्हणजे एका रिकाम्या मैदानावरून दुसऱ्या रिकाम्या मैदानावर.

तर मग घरीच ठेवा म्हणू? तेही माझ्याच्यानं म्हणवत नाही. ती मुलगी आता रोज संध्याकाळी माझ्याकडे मातीवर पळते. खूश असते. स्टार्ट अजून कच्चा आहे आणि इथल्या मातीवर तो एका मर्यादेपलीकडे सुधारणार नाही, हे मला दिसतं आणि तिलाही कळतं. घरच्यांना दहावीच्या क्रीडागुणांची आशा आहे, ती रास्तच आहे. पण साठ मीटरनंतरचा तो वेग मी बघते तेव्हा मला राग येतो, आणि तो कुणावर काढायचा हे कळत नाही. वडिलांवर तर नक्कीच नाही.

२०२५ मध्ये टोकियोच्या जागतिक स्पर्धेत आल्फ्रेडला १०.८४ मध्ये कांस्य मिळालं, पायाचा स्नायू दुखावला म्हणून २०० मीटर सोडावी लागली. तेव्हा आपल्याच एका पाहुण्यांनी मला विचारलं, "घसरली का हो ती?" जगात तिसरी आली होती. देशाचं स्टेडियम दवाखान्याला दिलेल्या पोरीबद्दल आपण हे विचारतो, आणि मग आपली का नाही, हेही आपणच विचारतो.

यंदा पुन्हा एका मुलीची निवड झालीय, केंद्र वेगळं आहे. तिच्या आईनं मला रविवारी बोलावलंय. त्याआधी मी तिथल्या प्रमुखांना फोन करून विचारलं: एका वॉर्डनकडे किती मुली, घरी फोन कधी करता येतो, आणि मुलगी गप्प गप्प राहायला लागली तर ते लक्षात येणार कुणाच्या. पहिल्या दोन्हींची उत्तरं लगेच मिळाली. तिसऱ्याचं विचारून सांगतो म्हणाले, ते अजून आलेलं नाही. ते आलं नाही तर रविवारी जा म्हणायचं की नको, हे मला आज सांगता येणार नाही.