चार मिनिटांचा बागेश्री

परवा भर दुपारी रिक्षात कुमार सानूचं गाणं लागलं. रिक्षावाल्यानं आवाज वाढवला, मी काही बोललो नाही. (मधली काही वर्षं मी तोंड वाकडं केलं असतं, त्याच्याही आधी मीच वाढवायला सांगितलं असतं.) गाणं संपलं आणि माझे कान टवकारले. आता तबला, द्रुत तीनताल, आणि तार षड्जाकडे झेपावणारी ती तान. आली ती कुठल्याशा टाइल्सची जाहिरात.

दोष कॅसेटचा. म्हणजे माझाच.

बाबा शनिवारी रात्री साडेनऊला आकाशवाणीवरचा संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम टेप करायचे. तेवढा वेळ घरात ट्यूबलाइटच्या बटणाला कुणी हात लावायचा नाही. बटण दाबलं की रेडिओत ‘कट्ट’ व्हायचं आणि कॅसेटवर कायमचं बसायचं. आई अंधारात चाचपडत विरजण लावायची. कॅसेटच्या वरच्या कडेचे दोन प्लॅस्टिकचे तुकडे बाबा स्क्रूड्रायव्हरनं मोडून टाकत, म्हणजे तिच्यावर चुकून दुसरं काही टेप व्हायला नको.

मी चुकून नाही केलं. १९९१ मध्ये, दहावीच्या सुट्टीत, त्या खाचांवर नीट सेलोटेप चिकटवला आणि मित्राच्या डबल डेकवर पाच गाणी भरून आणली. कोरी कॅसेट घ्यायला पैसे नव्हते, आणि ते आ-ऊ कोण ऐकणार होतं? सी-६०ची एक बाजू ३० मिनिटांची. गाण्यांत २६ गेली. उरलेल्या चार मिनिटांत तेवढा बागेश्री राग वाचला.

बाबा रागावले नाहीत. चहा न घेता ऑफिसला गेले, एवढंच. पण ती चार मिनिटं सोडायलाही ते तयार नव्हते, आणि फॉरवर्ड केलं की टेपचा पट्टा ढिला होतो असा त्यांचा ठाम सिद्धांत. त्यामुळे दर रविवारी दाढी करताना ते पाच प्रेमगीतं निमूट ऐकायचे, बागेश्री येईपर्यंत. आणि मी, माझी गाणी संपली तरी, उठून बंद करायचा कंटाळा म्हणून पडून राहायचो.

मग हॉस्टेल, गझला, इंग्रजी बँड, सगळं यथासांग झालं. आता कुणी विचारलं तर ‘शास्त्रीय ऐकतो’ म्हणून सांगतो, जरा मान वर करूनच. खरं म्हणजे मी एक आवाज शोधतोय. निवेदिकेनं सांगितलेलं गायकाचं नाव पहिल्या गाण्याखाली गेलं. शेवटची घोषणा दुसऱ्या बाजूला होती. तिथंही त्याच महिन्यात आणखी पाच गाणी. फोनवर जितके बागेश्री सापडले तितके ऐकले. प्रत्येकात तानेच्या अलीकडे त्या ‘कट्ट’ची वाट पाहतो. मोरीतला दिवा आईनं लावला होता तो. गायक तोच असला तरी तो आवाज कुठून येणार!

घरी आलो तर बाबा मटार सोलत बसले होते. ब्याऐंशी वर्षांचे आहेत, जरा मोठ्यानं बोलावं लागतं.

“बाबा, त्या कॅसेटवर बागेश्री कोण गात होतं हो?”

“कोण जाणे. बरा गात होता.”

मी आत जाऊन चहा टाकला. बाहेर ते गुणगुणत होते. कान देऊन ऐकलं तर सानू, शब्दांसकट. चहा घेऊन आलो तेव्हा दुसरं गाणं चालू होतं. क्रम बरोबर होता.