इंजिन चालतंय, तरी पिस्टन बदलायचा का? जुन्या वायझेड १२५ चा अनुभव

जुनी टू-स्ट्रोक डर्ट बाइक विकणारा हमखास सांगतो, "वरचं काम (पिस्टन-रिंग बदलणं) आत्ताच केलंय." पावती नसते, काढलेला पिस्टन नसतो, गाडी किती तास चालली हे दाखवणारं मीटरही नसतं. माझी यामाहा वायझेड १२५ अशीच आली. दुसऱ्या-तिसऱ्या किकला चालू व्हायची, वरच्या आरपीएमला नीट ओढायची. तरीही मी इंजिन उघडायचं ठरवलं, कारण या इंजिनात पिस्टन हा झिजून बदलायचाच भाग आहे. शर्यतीत पंधरा-वीस तास आणि हौसेने चालवली तर तीस-चाळीस तास, एवढंच त्याचं आयुष्य धरतात. किती तास झालेत हे माहीत नसेल, तर ते संपत आलेत असं समजावं.

आपल्याकडे बहुतेक मेकॅनिकांचा टू-स्ट्रोकवरचा हात आरएक्स १०० वर बसलेला. तिच्या सिलिंडरमध्ये बिडाचा लाइनर असतो. झिजला की बोअर करायचा, ०.२५ किंवा ०.५० मिमी मोठा (ओव्हरसाईज) पिस्टन टाकायचा, काम संपलं. वायझेडच्या ॲल्युमिनियम सिलिंडरला आतून निकेल-सिलिकॉन कार्बाइडचं प्लेटिंग असतं, जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास. त्यावर बोरिंगचं टूल किंवा होनिंगचा (घासून गुळगुळीत करायचा) दगड फिरवला तर प्लेटिंग खराब होऊन सिलिंडर वाया जाऊ शकतो. "देऊन टाका, बोर करून आणतो" असं कोणी म्हटलं तर सिलिंडर हातातून सोडू नका.

उघडण्याआधी कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन सिलिंडरमध्ये किती दाब तयार करतो, ते मोजलं. इंजिन गरम, थ्रॉटल पूर्ण उघडा, काटा चढायचा थांबेपर्यंत किक मारा. थ्रॉटल बंद ठेवला तर आकडा खोटाच कमी येतो. माझ्या गेजवर १३८ पीएसआय आले. गेजच्या नळीतल्या जागेमुळेही आकडा बदलतो, म्हणून दुसऱ्याच्या गेजवरच्या आकड्याशी तुलना करू नये. आपलंच गेज दरवेळी वापरावं आणि घसरण बघावी.

पण कॉम्प्रेशनवर विसंबून अनेकांची इंजिनं गेली आहेत. तो आकडा प्रामुख्याने रिंगची स्थिती सांगतो, पिस्टनच्या स्कर्टची (रिंगखालच्या भिंतीची) नाही. रिंग ठीक असताना स्कर्टला तडा असू शकतो. तुकडा पडला तर तो क्रँककेसमध्ये (इंजिनाच्या खालच्या पेटीत) जातो आणि बेअरिंग, रॉड, सिलिंडर सगळ्यांना घेऊन बसतो. सायलेन्सरचा पाइप काढून एक्झॉस्ट पोर्टमधून टॉर्च मारली तर पिस्टनची फक्त पुढची बाजू दिसते. जोर पडतो मागच्या बाजूवर: स्फोटानंतर क्रँकपिन पुढे जाते, रॉड तिरपा होतो आणि पिस्टन मागच्या भिंतीवर दाबला जातो. म्हणजे तडा जाण्याची जागा बाहेरून दिसतच नाही.

सिलिंडर उतरवणं अवघड नाही. कूलंट काढा, हेडचे नट समोरासमोरचे घेत पाव-पाव फेऱ्याने सैल करा, पॉवर व्हॉल्व्हचा (एक्झॉस्ट पोर्टमधल्या झडपेचा) जोड सोडा. सिलिंडर वर येताच क्रँककेसच्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबा, नाहीतर पिस्टन रॉडला जोडणाऱ्या पिनचं लॉक आत पडलं की संपूर्ण इंजिन फोडावं लागतं.

पिस्टन काढल्यावर रिंगच्या खाली स्कर्टवर तपकिरी पट्टे होते, म्हणजे जळालेला गॅस रिंगला चुकवून खाली उतरत होता. डोक्याच्या आतल्या बाजूला तेल जळून काळा डाग होता. तिथे फिकट तपकिरी रंग चालतो, काळा कोळसा म्हणजे पिस्टन फार तापत होता. मागच्या स्कर्टवर डोळ्यांना काहीच दिसलं नाही. पिस्टन रॉकेलमध्ये बुडवला, कोरडा पुसला आणि खडूची पूड लावली. थोड्या वेळाने पुडीवर ओलसर बारीक रेघ उमटली. तडा होता.

तडा नसता तर मोजमापांनी ठरवावं लागलं असतं, म्हणून तीही घेतली. सिलिंडर बोअर गेजने तीन उंचींवर, दोन दिशांनी मोजला: सगळीकडे ५४.०१ मिमी. पिस्टन पिनच्या काटकोनात, मॅन्युअलमध्ये दिलेल्या उंचीवर, मायक्रोमीटरने ५३.९०. फट ०.११, आणि मर्यादा ०.१०. व्हर्निअर कॅलिपरने हे काम होत नाही. रिंग सिलिंडरमध्ये पिस्टनच्याच डोक्याने ढकलून सरळ बसवली, तिच्या दोन टोकांमधल्या गॅपमध्ये फिलर गेज घातला: ०.९०. नवी रिंग त्याच जागी ०.५५. गॅपमधली वाढ भागिले ३.१४ म्हणजे व्यासातली झीज, इथे ०.११. सिलिंडर गोल आणि सरळ असल्याने ती सगळी रिंगची.

सिलिंडरमध्ये एक्झॉस्टच्या बाजूला ॲल्युमिनियमचा पातळ थर चिकटला होता. कापसाच्या बोळ्यावर हायड्रोक्लोरिक ॲसिड घेऊन तेवढ्याच जागी लावलं. बुडबुडे थांबले की धुतलं. हातमोजे, चष्मा हवाच, आणि ॲसिड पोर्टच्या कडांना लागू देऊ नये, तिथे उघडं ॲल्युमिनियम असतं. नख अडेल असा ओरखडा खाली नव्हता. अडला असता तर नवा पिस्टन घालण्यात अर्थ नव्हता.

रॉड वरच्या टोकाला धरून सरळ वर-खाली ओढून पाहिला. डावी-उजवीकडे थोडी हालचाल असतेच, पण वर-खाली किंचितही ठक लागली तर आधी क्रँकचं काम. त्याहून महत्त्वाचा प्रश्न: पिस्टन तापला कशाने? सिलिंडर तात्पुरता बसवून, इनटेक आणि एक्झॉस्ट बंद करून क्रँककेसमध्ये सुमारे ६ पीएसआय हवा भरली, तर पाच मिनिटांत दाब उतरला. साबणाच्या पाण्याचे फुगे मॅग्नेटोच्या बाजूच्या ऑइल सीलवर आले. तिथून हवा ओढली जाऊन मिश्रण पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी) होत होतं. ही सील न बदलता नवा पिस्टन बसवला असता तर तोही जळाला असता. भर म्हणून पेट्रोलमधलं २० टक्के इथेनॉल मिश्रण आणखी पातळ करतं, त्यामुळे कार्ब्युरेटरमधला पेट्रोल सोडणारा मेन जेटही एक नंबर मोठा घातला.

नवा पिस्टन बाण एक्झॉस्टकडे ठेवून बसवला. पिनची नीडल बेअरिंग, दोन्ही लॉक आणि पॅकिंग नवीनच; जुनं लॉक पुन्हा कधीही वापरू नये. लॉकचं तोंड सरळ वर किंवा खाली हवं. रिंगची टोकं खाचेतल्या खुंटीवर नीट बसल्याशिवाय सिलिंडर खाली दाबू नका, जोर लावला तर रिंग तुटते.

पेट्रोल-तेलाचं मिश्रण ३२ ला १, म्हणजे ५ लिटर पेट्रोलला १५६ मिली तेल. तीन वेळा गरम करून पूर्ण थंड केलं, थंड असताना हेडचे नट टॉर्क रेंचने पुन्हा तपासले. पहिल्या तासानंतर त्याच गेजवर १७६ आले. तो आकडा, तारीख आणि एक तास हँडलवरच्या टेपवर लिहून ठेवलेत.