अर्धं आधीच तिचं

गोव्यात वारसा कायदा शिकवायचा म्हणजे आधी पोरांच्या डोक्यातला १९५६ चा हिंदू वारसा कायदा बाजूला ठेवायला लावायचा, कारण तो इथे लागूच नाही. पण बाजारातली गाईडं, कोचिंगच्या नोट्स सगळं त्यावरच, मग त्यातले क्लास वन, म्हणजे पहिल्या हक्काचे, वारस तोंडपाठ करूनच येतात सगळे.

आज पण तेच. फळ्यावर उदाहरण लिहिलं, १ कोटीचं घर, नवऱ्याच्या नावावर, तो गेला, मागे बायको आणि तीन मुलं. बहुतेकांनी झटकन चार भाग केले, प्रत्येकी २५ लाख. म्हटलं थांबा, गेलेल्या माणसाचं त्यात होतं किती ते आधी बघा. लग्नाच्या आधी वेगळा करार केला नसेल तर आपल्याकडे दोघांची मालमत्ता एक होते, म्हणजे ५० लाख मुळातच तिचे, ते वारशात येतच नाहीत. वाटणी उरलेल्या ५० लाखांची, तिघा मुलांत सारखी, मुलगा-मुलगी फरक नाही. आणि त्याने मृत्युपत्र केलं असतं तरी मनाप्रमाणे द्यायला हातात फक्त २५ लाख, बाकीचे मुलांसाठी राखीव, नुसता राग आला म्हणून पोरीला काही नाही असं लिहून चालत नाही.

मागच्या बाकावरून एकीने विचारलं, मॅडम, मग बायकोला नवऱ्याकडून मिळालं असं म्हणायचंच नाही का? नाहीच म्हणायचं. तिचं होतं ते तिच्याकडे राहिलं. हे एकदा मुलींच्या डोक्यात बसलं ना की मला खरंच भरून येतं.

आपला मूळ नागरी कायदा, म्हणजे सिव्हिल कोड, १८६७ चा, पोर्तुगीज, इथे १८७० पासून लागू. पोर्तुगालमध्ये १९६७ पासून नवा कोड आला, आपल्याकडे मात्र मुक्तीनंतर १९६२ च्या कायद्याने जुनाच चालू राहिला. डिसेंबर २०१६ पासून वारशासाठी गोव्याचा स्वतःचा कायदा आहे, ते फार चांगलं झालं, पण लग्न आणि घटस्फोटासाठी अजून जुन्या पोर्तुगीज कायद्यांकडे जावं लागतं. म्हणून मी पीएचडी करणाऱ्यांना सांगते, पोर्तुगीज शिका, भाषांतरावर विसंबून राहू नका. सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये सांगितलंय की गोव्याच्या माणसाची गोव्याबाहेरची मालमत्तासुद्धा याच कायद्याने वाटली जाईल, म्हणजे मुंबईतल्या फ्लॅटला पण हाच हिशोब, आणि तरी याचा सखोल अभ्यास करणारी माणसं किती कमी!

टीव्हीवर समान नागरी कायद्याचा विषय निघाला की सगळ्या धर्मांना एकच कायदा म्हणून गोव्याचं नाव हमखास येतं. पण इथे सगळं एकसारखं होतं असं नाही, १८८० च्या हुकूमनाम्यात हिंदू पुरुषाला बायकोला तिशीपर्यंत मुलगा झाला नाही तर दुसऱ्या लग्नाची मुभा होती. हे वाचल्याशिवाय कोणी गोव्याचं उदाहरण देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि कागदावरचं घरात उतरतं का, हा खरा प्रश्न. जुनी खरेदीखतं काढून बसलं की विकणाऱ्यांची यादीच पानभर, मुलगे, सुना, मुली आणि जावईसुद्धा, कारण मुलीच्या वाट्यात नवऱ्याचं पण अर्धं, त्याच्या सहीशिवाय व्यवहार होत नाही. पण कितीतरी खतांत मुलींची नावंच नसतात. मागे जाऊन बघितलं की नोटरीसमोर वारसा सोडल्याचा कागद सापडतो, बाप गेल्यावर लगेचचा, भावाशी संबंध बिघडायला नकोत म्हणून केलेला. कायदा दीडशे वर्षं तिला सारखा वाटा देतोय आणि ती एका सहीने सोडून देते, ती सही करताना तिला नेमकं काय सांगितलं गेलं हे कोणी विचारलेलंच नाही.

माझ्याकडे नवीन आलेली मुलगी मुंडकार कायद्यावर, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्यांच्या हक्कांवर, विषय घेणार म्हणत होती. उद्या तिला बोलावून हे वारसा सोडल्याचे कागद दाखवते, दोन तालुक्यांपुरता अभ्यास जरी झाला तरी चालेल, फक्त त्या बायकांना भेटून, त्यांच्याकडून ऐकून झाला पाहिजे.