उभ्या पवनचक्कीवर घर चालतं का?

माझी चक्की उभी आहे, म्हणजे ती उभ्या शाफ्टभोवती फिरते. ती बघायला येणारे बहुतेक सगळे पहिल्यांदा हेच विचारतात. फोन करणारेही हेच विचारतात. तुम्ही विचारलंत म्हणून सरळ सांगतो: घर चालत नाही. छताचा एक जुना पंखा ७०-७५ वॅट घेतो. माझी चक्की तेवढी वीज फक्त मोठ्या वाऱ्यात देते. पण तिच्यावर माझं झटका मशीन, म्हणजे कुंपणाच्या तारेत विजेचा झटका सोडणारं यंत्र चालतं, तेही भर पावसाळ्यात. त्यासाठी केलेली सगळी मेहनत मला सार्थकी लागल्यासारखी वाटते.

आमची जमीन ठोसेघरच्या पुढे, चाळकेवाडीच्या पठाराच्या कडेला आहे. रात्री गवे आणि डुकरं उतरतात, म्हणून कुंपणाला झटका मशीन लावलेलं आहे आणि त्याची बॅटरी सोलर पॅनलवर चार्ज होते. जूनपासून धुकं बसलं की पॅनल दिवसचे दिवस नावापुरतं उरतं, बॅटरी उतरते आणि पीक तर तेव्हाच वर आलेलं असतं. पठारावर वाराही नेमका तेव्हाच सगळ्यात जास्त असतो. याच वाऱ्यासाठी कंपन्यांनी साताऱ्याच्या डोंगरांवर रांगेने पवनचक्क्या उभ्या केल्या. झटका मशीनला लागतात जेमतेम चार-पाच वॅट. एवढी वीज वाऱ्यातून काढायची, इतकंच माझं गणित होतं.

माझं साताऱ्यात वेल्डिंगचं वर्कशॉप आहे. त्यामुळे स्वतःला नीट बनवता येईल आणि मोडलं तर दुरुस्त करता येईल असंच यंत्र मी निवडलं. ते म्हणजे पिंपांची सव्होनियस चक्की. फिनलंडच्या सिगुर्ड सव्होनियस यांनी १९२०च्या दशकात ही रचना काढली. पिंप उभं चिरायचं आणि दोन्ही अर्ध एकमेकांपासून थोडे सरकवून उभ्या शाफ्टला जोडायचे. वरून पाहिलं तर इंग्रजी एस दिसतो. पोकळ बाजूवर वारा जास्त जोर लावतो, फुगीर बाजूवरून घसरून जातो, आणि या फरकावर चक्की फिरते. वारा कुठूनही आला तरी तिला तोंड वळवावं लागत नाही. पठाराच्या कडेला वारा सारखा दिशा बदलतो, तिथे ही मोठी सोय आहे.

पिंपं घेतली ती २०० लिटरची निळी, प्लॅस्टिकची. पत्र्याचं जुनं पिंप कापायला घेऊ नका, हे मी प्रत्येकाला बजावतो. आत थिनरचा किंवा तेलाचा वास राहिला असेल तर ग्राइंडरच्या ठिणगीने स्फोट होऊ शकतो. प्लॅस्टिकचं पिंपही आधी काय भरलेलं होतं ते विचारून, धुवून मगच कापावं. पिंपाचा व्यास साधारण ५८ सेंटिमीटर असतो. दोन अर्ध एकमेकांवर १२ सेंटिमीटर चढवले की चक्कीची रुंदी एक मीटरच्या थोडी वर जाते. मधली ही फट मुद्दाम ठेवायची. एका अर्धात शिरलेला वारा तिच्यातून दुसऱ्याच्या पोकळीत जातो आणि वाऱ्यावर उलट येणाऱ्या अर्धाचा विरोध कमी होतो. वर-खाली प्लायच्या गोल चकत्या लावल्या की वारा कडेने निसटत नाही. एकच मजला ठेवला तर काही कोनांत चक्की अडून बसते. म्हणून दुसरं पिंप पहिल्याशी काटकोनात वर चढवायचं. दोन्ही मिळून वाऱ्यासमोरचं क्षेत्रफळ पावणेदोन चौरस मीटरच्या आसपास होतं.

आता चाचणी, कारण माझा सगळा जीव तिच्यात आहे. चक्की फिरते याचा व्हिडिओ कुणीही काढतो. मोकळी चक्की झुळकेवरही फिरते, त्यातून काही कळत नाही. तिच्यावर ओझं टाकून ती किती ताकद देते, हे मोजायला हवं. आम्ही ती भाच्याच्या छोट्या हत्तीवर, केबिनच्या छताच्या वर येईल अशी बसवली आणि वाऱ्याचा मीटर पुढे दांडीवर बांधला. रविवारी पहाटे, वारा पडलेला असताना, एमआयडीसीतल्या रिकाम्या सरळ रस्त्यावर गाडी ताशी १८ किलोमीटरवर धरली. म्हणजे सेकंदाला बरोबर ५ मीटर वारा. जाताना आणि येताना, दोन्ही वेळा आकडे घ्यायचे. शाफ्टवर १५ सेंटिमीटर त्रिज्येची कप्पी, तिच्याभोवती सुती दोर आणि दोराच्या दोन्ही टोकांना ताण मोजणारे स्प्रिंगचे काटे. डिप्लोमाच्या लॅबमध्ये इंजिन तपासतात तीच ही पद्धत. दोर आवळत गेलं की फेरे कमी होतात आणि काट्यांतला फरक वाढतो. मिनिटाला पंच्याहत्तर फेऱ्यांच्या आसपास ताकद सगळ्यात जास्त मिळाली. तिथे फरक होता दीड किलो. हिशेब केला तर १७ वॅट. तेवढ्या क्षेत्रफळातून जाणाऱ्या वाऱ्यात १२० वॅटच्या आसपास ताकद असते, म्हणजे आमच्या हाती आले १४ टक्के.

कमी वाटतं ना? कोणत्याही पवनचक्कीला वाऱ्यातली ५९.३ टक्क्यांहून जास्त ताकद काढता येत नाही, हे जर्मन शास्त्रज्ञ बेट्झ यांनी १९१९ साली गणिताने दाखवलं. सव्होनियसच्या चांगल्या चक्क्या १५ ते २० टक्क्यांपर्यंत जातात. पिंपांच्या चक्कीने १४ दिले, यावर मी समाधानी आहे.

खरा खेळ वाऱ्याच्या वेगाचा आहे. वेग दुप्पट झाला की ताकद आठपट होते. सेकंदाला ३ मीटरच्या वाऱ्यात माझ्या शाफ्टवर साडेतीन वॅट येतात आणि ते बेअरिंग, चेन आणि डायोडमध्येच संपतात. ८ मीटरला ६५-७० वॅट येतात, त्यातली निम्मी वीज बॅटरीपर्यंत पोचते. चक्की तीच, पिंपं तीच. म्हणून मोठ्या चक्कीसाठी पिंपं वाढवण्याआधी जागा बदलता येते का ते बघा.

जनरेटर म्हणून गाडीचा अल्टरनेटर लावू नका. त्याला हजाराच्या वर फेरे लागतात आणि आतलं चुंबकत्व जागं करायला तो आधी बॅटरीचीच वीज खातो. मी जुन्या इलेक्ट्रिक स्कूटरची बिनगियरची हब मोटर (चाकातच बसवलेली मोटर) लावली, आणि सायकलच्या ४४ आणि १४ दात्यांच्या चक्रांनी फेरे तिप्पट केले.

तळाच्या बेअरिंगवर मात्र पैसे वाचवू नका. चक्कीचं सगळं वजन आणि वाऱ्याचे धक्के तिथेच येतात, म्हणून तिथे टेपर बेअरिंगच हवं, ते वरून येणारं वजन आणि बाजूचे धक्के दोन्ही सोसतं. कॅनडात क्वेबेकमधल्या काप-शा इथली एओल ही ११० मीटर उंचीची उभी पवनचक्की १९९३ साली तळाचं बेअरिंग गेल्यामुळे बंद पडली. एवढ्या मोठ्या यंत्राचं जे झालं, ते आपल्या पिंपांचंही होऊ शकतं.

घराच्या स्लॅबवर बसवू का, असंही बरेच जण विचारतात. नको. इमारतींमधला वारा भोवऱ्याचा आणि कमजोर असतो, आणि प्रत्येक फेऱ्याचा हादरा भिंतीतून खाली घरात येतो. माझी चक्की मोकळ्या रानात, पाइपवर, चारही बाजूंनी तणावे देऊन उभी आहे. वादळाचा अंदाज असला की दोराने बांधून ठेवतो. मोटरच्या तिन्ही वायरी एकत्र जोडल्या की ती जड होते, पण मोठ्या वादळात फक्त त्यावर विसंबू नये.

तुम्हाला करायची असेल तर आधी वाऱ्याचा मीटर घ्या आणि जिथे चक्की लावणार त्याच उंचीवर बांधा. कंपन्यांच्या पवनचक्क्या शेजारी आहेत म्हणून आपल्याकडे वारा आहे असं धरू नका, त्यांची पाती कितीतरी वर असतात. पावसाळ्याचे आणि हिवाळ्याचे आकडे वेगवेगळे लिहा, रात्रीचेही घ्या. सरासरी ४ मीटरच्या खाली असेल तर तेच पैसे पॅनलमध्ये घाला. ५ च्या वर असेल तर पिंपं घेऊन वर्कशॉपवर या. लेथचं काम आपण मिळून करू.